पट चौदा, हजर सात

१

आठ नंबरच्या वर्गात मी तर्कशास्त्र शिकवायचे आणि भिंतीपलीकडे नऊ नंबरात शुभदाबाई हजेरी घ्यायच्या. आमचं कॉलेज कसालहून मालवणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर होतं. चिऱ्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. वर्गांमधल्या भिंती आढ्यापर्यंत गेलेल्या नव्हत्या. माणसाच्या दीडपट उंची झाली की त्या थांबल्या होत्या, आणि वरून वारा, चिमण्या आणि आवाज मोकळेपणी ये-जा करत. माझ्या पोरांना 'सर्व माणसे मर्त्य आहेत' हे समजावताना मला पलीकडच्या फळ्यावरचा खडूसुद्धा ऐकू यायचा.

तास सुरू झाला की शुभदाबाई कॅटलॉग उघडत. "एक." मग थांबत. "दोन." पुन्हा थांबत. विद्यार्थ्याला 'हजर' म्हणायला लागतो तेवढाच वेळ, कमी नाही, जास्त नाही. असं चौदापर्यंत. चौदा झाले की खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा आणि मग तास संपेपर्यंत काही नाही.

कारण नऊ नंबरात कुणी नव्हतं. बाकं होती, फळा होता, टेबल होतं आणि संस्कृतच्या प्राध्यापिका शुभदा मसुरकर होत्या. त्यांच्या चौदाही विद्यार्थ्यांना जूनमध्ये खास परवानगी देऊन दुसऱ्या विषयाला हलवलं होतं. वेळापत्रकात मात्र त्यांचे तास जसेच्या तसे ठेवले होते. तासाला वर्गाबाहेर पाऊल टाकलं की मेमो. हजेरी घेतली नाही तरी मेमो. तास संपला की आमचा शिपाई दाजी चिठ्ठी न्यायला यायचा. चिठ्ठी सायक्लोस्टाइल केलेली, तळहाताएवढी, विषय, पट, हजर आणि सही एवढ्या रकान्यांची. शुभदाबाई लिहायच्या: संस्कृत, पट चौदा, हजर शून्य. खाली आपली पूर्ण सही करायच्या.

चिठ्ठ्यांचा गठ्ठा प्राचार्यांच्या टेबलावर वाढत होता. वर्षअखेर त्यावरून सिद्ध व्हायचं होतं की या बाईंना शिकवायला कुणी नाही, सबब कॉलेजला त्यांची गरज नाही. आणि ते त्या स्वतःच्या हाताने सिद्ध करत होत्या, दिवसातून चार वेळा.

मी तर्कशास्त्राची माणूस. ही युक्ती लक्षात आली तेव्हा मला आधी किळस आली की आधी कौतुक वाटलं, हे मला अजून खात्रीने सांगता येत नाही.

२

प्राचार्य नाबरांना सगळे भाई म्हणत. भाई कधी आवाज चढवत नसत. समोरच्याला बसायला सांगत, चुना लावून पान पुढे करत, घरच्यांची चौकशी करत, आणि मग मान किंचित वाकडी करून मुद्द्यावर येत. १९८४च्या मार्चमध्ये परीक्षेला शुभदाबाईंनी संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याला कॉपी करताना पकडलं आणि रिपोर्ट मागे घ्या म्हटल्यावर घेतला नाही. एवढाच त्यांचा गुन्हा. स्टाफच्या बैठकीत भाई म्हणाले, "आपण कुणाला काढत नाही. माणसं आपली आपण जातात."

त्यानंतर स्टाफरूममधली शुभदाबाईंची खुर्ची दुरुस्तीला गेली ती परत आली नाही. चहाच्या ट्रेमध्ये एक कप कमी येऊ लागला. आम्हा अकरा जणांना कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. त्याची गरज नव्हती. आम्ही याच गावांतली माणसं, वाळीत टाकणं म्हणजे काय ते लहानपणी पाहिलेली. त्या घरावरून जाताना पाय कसे उचलायचे, त्या घरची हाक आली तर ऐकूच आली नाही असा चेहरा कसा ठेवायचा, हे आमच्या अंगातच होतं. एम. ए. केल्याने ते गेलं नव्हतं.

माझं आणि त्यांचं मात्र सगळ्यांसारखं नव्हतं. दोघी कसालच्या. सकाळी आठ चाळीसच्या एसटीला दोघी शेजारी बसायचो, डबा एकमेकींचा खायचो. कॉलेजात मी त्यांना बाई म्हणायचे आणि एसटीत शुभाताई. माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. मला मुलाखतीला जायचं होतं तेव्हा त्यांनी आपली निळी साडी दिली होती, आणि नोकरी लागल्यावर परत द्यायला गेले तर घेतली नव्हती.

माझी दोन वर्षांची प्रोबेशनची मुदत पुढच्या मार्चला संपत होती. भाईंनी सही केली तर मी कायम, नाही केली तर घरी. घरी आई होती आणि आईने काढून ठेवलेल्या चार स्थळांच्या पत्रिका होत्या. मला ही नोकरी हवी होती. तेवढी दुसरी कुठलीही गोष्ट मला कधी हवीशी वाटली नव्हती.

जुलैमध्ये एका सकाळी कसालच्या स्टॉपवर शुभदाबाईच माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू मागच्या गाडयेन ये गो. माझ्यावांगडा बसलंस तर तुकाव त्रास. माका राग नाय येवचो."

मी काहीतरी पुटपुटले. नको, असं कसं, वगैरे. दुसऱ्या दिवसापासून मी मागची गाडी धरली. खरं सांगायचं तर त्या बोलल्या तेव्हा मला हायसं वाटलं होतं. त्याची लाज मला पुढे फार वाटली, पण गाडी काही मी बदलली नाही.

३

गणपतीची सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं त्याच आठवड्यातली गोष्ट. तिसऱ्या तासानंतर दाजी चिठ्ठी घेऊन व्हरांड्यातून चालला होता आणि चालताना तिच्याकडे बघत होता. दाजी बिनचष्म्याचा, साठीला आलेला माणूस. कागदाकडे तो सहसा बघत नसे. मी दारात उभी होते. त्याने चिठ्ठी माझ्यापुढे धरली.

संस्कृत. पट चौदा. हजर एक.

म्हटलं, कोण आलं होतं? कुणी जुना विद्यार्थी?

"मी दारातसून बगलंय. माका कोण दिसाक नाय," दाजी म्हणाला. "पण बायनी लिवल्यानी."

माझ्या मनात पहिलं आलं ते असं की बाई थकल्या, चुकून आकडा पडला. दुसरं आलं ते असं की त्यांनी भाईंना डिवचायला मुद्दाम लिहिलं. दोन्ही शक्य होतं. पण शुभदाबाई चुकणाऱ्यातल्या नव्हत्या आणि डिवचणाऱ्यातल्या तर मुळीच नव्हत्या. दोन विधानं खोटी ठरली म्हणून तिसरं खरं ठरत नाही, हे मी पोरांना नेहमी सांगते. तिथेच विचार थांबवला आणि वर्गात शिरले.

भाईंनी चिठ्ठी पाहिली तेव्हा आम्ही दोघं-तिघं त्यांच्या खोलीत होतो. त्यांनी ती टेबलावर सरळ करून ठेवली, बोटाने तिची एक कड दाबली आणि समाधानाने मान हलवली. हजेरीचा खोटा आकडा लिहिणं म्हणजे गैरवर्तन, असं ते म्हणाले. गैरवर्तनाला राजीनाम्याची वाट बघावी लागत नाही. पण एका चिठ्ठीवर काही करू नये, जरा साठू द्यावं.

दुसऱ्या दिवशीही एकच. तिसऱ्या दिवशी दोन.

४

भिंतीपलीकडची हजेरी मी आता मन लावून ऐकू लागले. ऐकायचं नाही म्हटलं की जास्त ऐकू येतं. "एक," शुभदाबाई म्हणायच्या, आणि मग ते नेहमीचं थांबणं. पण आता ते रिकामं वाटत नव्हतं. आवाज म्हणावा असा काही नव्हता. बाकावर कुणी टेकलं की जुनं लाकूड जसं हळूच बोलतं तसं काहीतरी. कौलांवर वारा असतो, उन्हाने वासे तडकतात, घुशी असतात. प्रत्येकाला कारण होतं. फक्त ती कारणं आकडा उच्चारल्यानंतरच का वाजत होती, हे सांगायला माझ्याकडे कुणी नव्हतं.

त्याहून वाईट म्हणजे त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

आधी मला बरं वाटलं. रिकाम्या वर्गात एक तास गप्प बसण्यापेक्षा शिकवलेलं बरं, माणसाला धीर येतो. पण त्या काय शिकवत होत्या ते लक्षात आलं तेव्हा माझ्या हातातला खडू तसाच राहिला. शुभदाबाईंचा वर्ग शेवटच्या वर्षाचा होता. त्यांची पोरं काव्यं वाचायची, त्यावर वाद घालायची. आणि आता पलीकडून येत होतं, "रामः, रामौ, रामाः." सावकाश, एकेक शब्द तोडून, आठवीच्या मुलांना सांगावं तसं. मग थांबणं. मग, "पुन्हा म्हणा."

ज्यांना संस्कृतचा गंध नाही अशांना त्या शिकवत होत्या.

ऑक्टोबरमध्ये चिठ्ठीवर चार आले. दिवाळीनंतर सहा. स्टाफरूममध्ये या विषयावर कुणी बोलत नसे, पण पूर्वी न बोलण्यात एक मजा होती ती गेली होती. भूगोलाचे पेडणेकर एका दुपारी चहा पिता पिता खिडकीबाहेर बघत होते. मोठा गप्पिष्ट माणूस, शुभदाबाईंची खुर्ची उचलायला दाजीला मदत करणारे तेच. कप ओठाला लावून त्यांनी मध्येच थांबवला आणि गुणगुणल्यासारखं म्हणाले, "रामम्, रामौ, रामान्." मग आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं. पेडणेकरांनी आयुष्यात कधी संस्कृत घेतलं नव्हतं.

मीही घेतलं नव्हतं. पण एका रविवारी आईजवळ बसून तांदूळ निवडत होते, तर आई सूप खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली.

"कसला पुटपुटतंस गो मगासपासून?"

म्हटलं, काही नाही. कॉलेजात शेजारच्या वर्गातून कानावर पडतं, ते जिभेवर बसतं. हे कारण चांगलं होतं. आईने मान हलवली. मीही हलवली. पेडणेकरांचा वर्ग तीन नंबरचा, मैदानाच्या पार पलीकडे होता, हे मला आईला सांगावंसं वाटलं नाही.

५

जानेवारीतल्या एका मंगळवारी तिसऱ्या तासाला मी पोरांना एक प्रमेय घालून दिलं आणि फळ्याकडे वळले. वळले एवढं मला आठवतं. नंतर घंटा झाली. फळ्यावर मी काहीच लिहिलेलं नव्हतं. पुढच्या बाकावरची सुगंधा नावाची मुलगी उभी राहिली आणि मला बरं वाटत नाही का, म्हणून विचारू लागली. म्हटलं, का गं? तर ती म्हणाली, बाई, तुम्ही मघापासून भिंतीकडे तोंड करून उभ्या आहात. आम्ही दोनदा हाक मारली.

मी हसून वेळ मारून नेली. डोकं दुखतं म्हटलं. व्हरांड्यात आले तर दाजी नऊ नंबरातून चिठ्ठी घेऊन बाहेर पडत होता. मी न विचारताच त्याने ती दाखवली. हजर सात.

मी विचारलं, "दाजी, खरं सांगा, आत कोण असतं?"

"माका इचारू नका, बाय," तो म्हणाला. "ती चिठी दितत, मी नेतंय." आणि माझ्या तोंडाकडे न बघता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी भाईंनी बोलावलं. बसायला सांगितलं, पान पुढे केलं, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. टेबलावर चिठ्ठ्यांचा गठ्ठा सुतळीने बांधलेला होता, आणि त्याच्या शेजारी टाइप केलेलं एक पत्र, मला वाचता येईल असं माझ्याकडे तोंड करून. प्रा. सुनीती तेंडोलकर यांना संस्थेच्या सेवेत कायम करण्यात येत आहे. खाली सहीची जागा रिकामी होती.

शनिवारी संस्थेचे दोन सभासद चौकशीला यायचे होते. चिठ्ठ्या होत्या, पण वर्ग रिकामा होता हे प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस हवं होतं. दाजी शिपाई, त्याच्या शब्दाला वजन नाही. प्राध्यापकांपैकी कुणीतरी हवं. त्यातही त्या बाईंच्या जवळचं असेल तर उत्तम, म्हणजे आकसाने बोललं असं कुणी म्हणायचं नाही.

"उद्या तिसऱ्या तासाला खिडकीतून बघा," भाई म्हणाले. "जे दिसेल तेच लिहून द्या. खोटं लिहा असं मी कधी कुणाला सांगत नाही."

ते खरंच होतं. भाईंनी माझ्याकडून खोटं मागितलंच नव्हतं. रिकाम्या वर्गाला रिकामा म्हणायचं होतं. त्या ओळीने शुभाताईंची अठरा वर्षांची नोकरी जाणार होती, पण ओळ खरी होती. खिडकीपर्यंत जाईपर्यंत मी स्वतःला हेच सांगत राहिले.

६

गुरुवारी तिसऱ्या तासाला मी वर्गाला लिखाण दिलं आणि व्हरांड्यात आले. अकरा वाजून गेले होते. सड्यावर ऊन असं पडलेलं की वाळलेलं गवत पांढरं दिसत होतं. तीन नंबरातून पेडणेकरांचा खणखणीत आवाज मैदान ओलांडून येत होता, ते पोरांना खारे वारे आणि मतलई वारे समजावत होते. सगळं जागच्या जागी होतं. मी नऊ नंबरच्या खिडकीशी गेले आणि लाकडी गजांतून आत पाहिलं.

वर्ग रिकामा होता. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. बाकांच्या दोन रांगा, टेबल, फळ्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलेले शब्द, आणि चौथऱ्यावर शुभदाबाई, हातात कॅटलॉग. किती वाळल्या होत्या. गेल्या सहा महिन्यांत मी त्यांच्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

"एक," त्या म्हणाल्या.

उन्हातून एकदम माजघरात शिरलं की आधी काहीच दिसत नाही, आणि मग जिथे काही नव्हतं तिथे हळूहळू कणगी दिसते, पाट दिसतो. तसं झालं. पहिल्या बाकावर एक पाठ होती. पुरुषाची, जरा पोक काढलेली. मानेवरचा केसांचा तुटका घेर, त्याखाली गळ्याभोवती गुंडाळलेला मरून मफलर. तो मफलर स्टाफरूमच्या खुंटीवर मी रोज बघत होते. त्या पाठीने हात वर केला. आणि मैदानापलीकडे तीन नंबरात, चालू वाक्याच्या मध्येच, पेडणेकरांचा आवाज थांबला.

"दोन." दुसऱ्या बाकावर कुणीतरी होतं. "तीन." मी बघत होते आणि बघायचं नाही असंही ठरवत होते. सगळे पाठमोरे होते. वह्या उघडून, माना खाली घालून, पण शिक्षा म्हणून बसवलेली मुलं बसतात तसे नव्हे. मन लावून बसले होते. ते मला सगळ्यात भयंकर वाटलं.

खिडकीजवळच्या बाकावर, माझ्यापासून दोन हातांवर, एक बाई बसली होती. निळी साडी. ब्लाउजची बाही उसवलेली आणि निळा दोरा नव्हता म्हणून काळ्या दोऱ्याने शिवलेली. मी तो टाका परवाच घातला होता. मी खाली पाहिलं. माझ्या अंगावर तीच साडी होती. मी दंडावर हात नेला, तो टाका बोटाला लागला.

"सात," शुभदाबाई म्हणाल्या, आणि चष्म्यावरून त्या बाकाकडे बघून किंचित हसल्या. एसटीत मी उशिरा धापा टाकत चढले की हसायच्या तशा.

तिने हात वर केला. आता ती वळेल असं मला वाटलं, आणि मी खिडकीपासून मागे झाले. 'हजर' हा शब्द मी ऐकला. तो आतून आला की कुठून, हे मला ठरवता आलं नाही. एवढंच की माझा घसा दुखत होता.

परत माझ्या वर्गात गेले. सुगंधा आणि बाकीची पोरं लिहीत होती. कुणी मान वर केली नाही. मी टेबलावरचा कागद ओढला आणि लिहिलं, 'आज दिनांक अमुक रोजी तिसऱ्या तासाला वर्ग क्रमांक नऊ समक्ष पाहिला. वर्गात एकही विद्यार्थी नव्हता.' हे वाक्यही खरंच होतं. त्यात विद्यार्थी कुणी नव्हतं. मी सही केली.

७

शनिवारी चौकशी झाली ती प्राचार्यांच्या खोलीत. संस्थेचे दोन सभासद, त्यांतले एक निवृत्त मामलेदार. भाई एका बाजूला, जणू आपला काही संबंध नाही अशा बेताने बसलेले. मी भिंतीलगतच्या खुर्चीत. शुभदाबाई समोर उभ्या. त्यांना कुणी बसायला सांगितलं नव्हतं. कॅटलॉग त्यांनी छातीशी धरला होता.

मामलेदारांनी सुतळी सोडली आणि शेवटची चिठ्ठी काढली. विचारलं, इथे हजर सात लिहिलं आहे, हे सात जण कोण?

"नावं मी सांगणार नाही," शुभदाबाई म्हणाल्या. कार्यालयात त्या नेहमी अशा शुद्ध, सावकाश बोलत. "नावं सांगितली तर त्यांनाही माझ्यासारखंच वागवलं जाईल. ते येतात, बसतात, शिकतात. ज्यांना येता येत नाही असं सगळ्यांना वाटतं, ते येतात. माझी हजेरी खरी आहे."

दुसरे सभासद हसले. मामलेदार हसले नाहीत, त्यांनी कपाळ चोळलं. म्हणाले, बाई, एकाने जरी येऊन सांगितलं की मी त्या वर्गात होतो, तरी हा कागद मी फाडून टाकतो. एकाने. आहे का कुणी?

शुभदाबाई मामलेदारांकडेच बघत राहिल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझं नाव घेणं त्यांना सहज शक्य होतं, आणि ते त्या घेणार नाहीत हे मला माहीत होतं. त्यांचं न बघणं मला सोसवेना.

मग मामलेदारांनी माझा कागद वाचून दाखवला आणि विचारलं, की तेंडोलकरबाई, तुम्ही स्वतः खिडकीतून पाहिलं. त्या वर्गात कोणी होतं का? विद्यार्थी असो, नसो. कुणीही?

कागदावर मी एक पळवाट ठेवली होती. ती त्यांनी बुजवली. आता नुसतं हो किंवा नाही. माझ्या आयुष्यात इतका सोपा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी होते, असं म्हणायचं होतं. लोक वेडी म्हणाले असते. भाईंनी पत्र खणात टाकलं असतं. आईने पत्रिका काढल्या असत्या. आणि शुभाताई नऊ नंबरातून बाहेर आल्या असत्या. हे सगळं मला एका क्षणात दिसलं, स्वच्छ. टेबलावर ते पत्रही होतं, त्याच जागी, माझ्याकडे तोंड करून.

"कोणी नव्हतं," मी म्हणाले.

शुभदाबाईंनी पुढे येऊन कॅटलॉग भाईंच्या टेबलावर ठेवला, उघडला आणि पदराला लावलेलं पेन काढलं. पान शोधून, बोट खाली आणत एका जागी थांबवलं. मग त्या पहिल्यांदाच माझ्याकडे वळल्या. राग नव्हता. त्यांना वाईट वाटत होतं, आणि ते स्वतःसाठी नव्हतं.

"मगे तुका गैरहजर मांडतंय, सुनीती," त्या म्हणाल्या.

पेन कागदावर एकदा फिरलं. त्यांनी कॅटलॉग मिटला, सभासदांना नमस्कार केला आणि बाहेर गेल्या. त्यांची पावलं व्हरांड्यातून दूर जाताना मी ऐकली.

सभासदांनी दोन ओळींचा निर्णय लिहिला, सह्या केल्या आणि उठले. भाई त्यांना दारापर्यंत पोचवून परत आले. खुर्चीत बसून त्यांनी ते पत्र ओढलं, टोपण काढलं आणि शांतपणे, अक्षर बिघडू न देता सही केली. शाई वाळावी म्हणून फुंकर घातली. घंटी वाजवली तसा दाजी आत आला.

"हे सुनीतीबाईंना दे," भाई म्हणाले.

दाजीने पत्र हातात घेतलं. खोलीभर बघितलं, भिंतीलगतच्या खुर्चीकडे बघितलं, दाराबाहेर डोकावला.

"बाय खंय आसत?"

भाईंनी मान वर केली. त्यांची नजर माझ्यावरून गेली आणि दाराशी जाऊन थांबली.

"आत्ता तर इथंच होत्या," ते म्हणाले.

मी उठून उभी होते. पत्र घ्यायला मी हात पुढे केलेला होता.